तज्ज्ञ क्रमांक सात

१४ सप्टेंबर, रविवार

ह्याचा सूड घेतल्याशिवाय मी धुळाप्पाची पोरगी म्हणवून घेणार न्हाई. लिहून ठेवायलेय. उद्या राग उतरला तर हे पान वाचून परत चढावा म्हणून.

आज मन्नाएखेळ्ळीच्या बाजारात अप्पानं आपला भुरा विकायला काढला होता. कळपातला सगळ्यात तगडा मेंढा. तिथं तात्याराव आला. मेंढरांचा व्यापारी, कानात अत्तराचा फाया. वीस वर्षं हाच माणूस अप्पाचा हात धरून बाजारभर फिरवायचा — "धुळाप्पा, बघ की जरा, ह्यातलं कोणतं घेऊ?" अप्पा नुसतं तोंड बघायचा आन् सांगायचा, हे घे, ते नको, ते दोन दिवसांत बसतंय. आन् ते बसायचंच! डॉक्टरला ताप कळायच्या आधी अप्पाला दिसायचा.

आज तात्यारावानं भुऱ्याच्या तोंडासमोर मोबाईल धरला. फोटो काढला. मग बाजाराला ऐकू जाईल असं वाचलं, "शंभरात एकतीस. आजारी!"

अप्पा म्हणला, "आजारी न्हाई बाबा."

"तू म्हणून काय होतंय? ह्यात आलंय की! आता तुझ्यापेक्षा मोबाईलला जास्त कळायलंय, धुळाप्पा."

सगळे हसले. ज्यांची मेंढरं अप्पानं फुकट बघून दिली ते पण हसले! अप्पानं खांद्यावरचा टॉवेल तोंडाला लावला आन् मान खाली घालून उभा राहिला. खांदे हलायलते. माझ्या अप्पाला मी कधी रडताना बघितलं न्हाई. आज भर बाजारात बघितलं.

आन् ते ॲप शिकलं कुणाकडून? अप्पाकडून! गेल्या हिवाळ्यात आमच्याच खटकचिंचोळीचा श्रीशैल कंपनीचा कॅमेरा घेऊन मेंढवाड्यात आला. तीन दिवस बसला. आव्वाच्या हातची भाकरी खाल्ली. एकेका मेंढराचा फोटो काढायचा आन् विचारायचा, "सांगा मामा, बरं का आजारी?" आसपासच्या गावांतले कळप पण अप्पाला घेऊन फिरला. जाताना एक शाल, एक नारळ, एक फोटो. ॲपमध्ये अप्पाचं नाव शोधलं मी. कुठंच न्हाई.

तात्याराव, श्रीशैल आन् ती कंपनी. तिघांचीबी जिरवायची.

१५ सप्टेंबर

अप्पा जेवला. नेहमीसारखा. वर आव्वाला गूळ मागितला. माझ्यासमोर सोंग करायलाय. मला कळत न्हाई का!

१८ सप्टेंबर, गुरुवार

देव हाय. आन् तो माझ्या बाजूनं हाय.

कोळारला आमचं ऑफिस म्हणजे जुन्या गोदामात पत्र्याखाली वीस कंप्युटर आन् वीस पोरी. काम एकच. समोर फोटो येतो, तो काय हाय ते बटन दाबून सांगायचं. हे झाड का खांब. हा माणूस का सावली. आम्ही सांगायचं, मशीननं शिकायचं. दोन वर्षं झाली मला. कुणाचं काम हाय हे आम्हाला सांगत न्हाईत, आम्ही विचारत न्हाई.

आज सकाळी नवीन काम उघडलं. पहिलाच फोटो — मेंढी. दुसरा — मेंढी. तिसरा फोटो बघून मी खुर्चीतून उठलेच. चांदी! आमची चांदी, डाव्या कानाला खाच असलेली. मागं आमच्या मेंढवाड्याची बाभळीची काटी आन् आव्वाचं निळं लुगडं वाळत घातलेलं.

फोटोखाली लिहिलेलं — तज्ज्ञ क्रमांक ७ : आजारी.

तज्ज्ञ क्रमांक सात! माझा अप्पा! नाव न्हाई, गाव न्हाई, नुसता सात. तुरुंगात देतात तसा नंबर.

सुपरवायझर विरुपाक्ष मागून आला, "बेगा, बेगा!" म्हणजे हात चालव. चालवते की सार्. बघाच आता कसा चालवते.

१९ सप्टेंबर

काम असं हाय. तज्ज्ञाचं उत्तर चढलेलं असतं. मग तोच फोटो दोन पोरींकडं जातो. तिघांत दोघांचं जुळलं की ते खरं. बस. मेंढराला खरंच काय झालंय हे कुणी मेंढराला विचारत न्हाई. दोन विरुद्ध एक, झालं खरं तयार.

बटनं दोनच. हिरवं — निरोगी. लाल — आजारी. अप्पाचं मात्र अर्ध्या वेळा तिसरंच उत्तर असतंय — "उद्या सांगतो." लहानपणी लई ऐकलंय. मेंढराच्या तोंडाकडं बघत बसायचा, मग उठून म्हणायचा, "उद्या सांगतो." त्याचं बटनच न्हाई! श्रीशैल तेव्हा सारखा म्हणायचा, "उद्या नको मामा, आत्ता सांगा." ज्याला थांबता येत न्हाई त्याला म्हणे हुशार म्हणायचं.

माझ्या जोडीला सुधारानी हाय. एकाच खोलीत राहतो आम्ही. तिनं मेंढरं फक्त रस्ता आडवताना बघितलीत. मला म्हणली, "मंगल, मला काय कळतंय ह्यातलं? तू धनगराची. तू दाबशील ते मी दाबते."

मग ठरलं. अप्पा आजारी म्हणला तिथं मी निरोगी. अप्पा निरोगी म्हणला तिथं आजारी. सगळं उलटं. हे मशीन ठार वेडं करते मी. त्याच तात्यारावाच्या हातात ते वेडं मशीन जाऊ दे आन् त्याच बाजारात त्याचं नाक कापलं जाऊ दे.

माझा अप्पा माझ्याकडून फुकट नेलाय त्यांनी. आता मी परत घ्यायलेय.

२३ सप्टेंबर, मंगळवार

आज दोनशे दहा झाले.

एक गोष्ट बोचते. आम्हा दोघींचं उत्तर चढलं की फोटोखाली तांबडी ओळ येते — तज्ज्ञ ७ : चूक. दर वेळेला. अप्पा चूक, अप्पा चूक, अप्पा चूक. दिवसभर मीच लिहायलेय ते. डोळे मिटून दाबते.

फोटो बघून मला स्वतःला मात्र काहीच कळत न्हाई. हेबी लिहून ठेवते, इथं कोण वाचायलंय! अप्पानं शिकवायचा लई नाद केला होता. मला मांडीवर घेऊन मेंढराचं तोंड दोन्ही हातात धरायचा, "बघ, नाकपुडीच्या कडंला बघ. दिसलं?" मला न्हाई दिसायचं. मला पाटी पाहिजे होती. पाचवीला वसतिगृहात गेले ती गेलेच. आता माझ्या समोर चौदाशे तोंडं हायत आन् मला सगळी सारखीच दिसतेत.

चांदीला अप्पानं आजारी लिहिलंय. पण त्या हिवाळ्यात चांदी तर टणाटण उड्या मारायची, मी सुट्टीला घरी होते. अप्पानं पाला चारला असंल, बरी झाली असंल.

१ ऑक्टोबर

विरुपाक्षनं भिंतीवर आमचे पण मार्क लावलेत. कोण किती फोटो, किती चुका. मी ९४. सुधारानी ९३. एक पोरगी ५८ — तिच्याशी डब्याला कुणी बसेना! कालपर्यंत तिच्याच लोणच्यावर उड्या पडायच्या. तिच्यात काय बदललं? काहीच न्हाई. आकडा लागला, बस.

रस्त्यावर चहावाला म्हणतो, "अक्का, माझ्या हॉटेलाला पाच तारे दे की." घरून आव्वाचा फोन, सोयरीक आलीय, पोराकडच्यांनी माझी माहिती कुठल्या तरी साईटवर घालून बघितली म्हणे. सदुसष्ट टक्के जुळायलंय. मी म्हणलं, उरलेले तेहतीस कोणते ते विचार की! आव्वाला कळलं न्हाई. पोराच्या आईलाबी माहीत नसणार.

पहिल्यांदा माणूस माणसाला बघून ठरवायचा. चुकायचाबी. पण चुकलं तर त्याच्या दारात जाऊन भांडता यायचं. ह्या आकड्याच्या दारात कुणी जायचं?

५ ऑक्टोबर, रविवार

जिरली! जिरली तात्यारावाची!

घरी पाय ठेवला आन् आव्वानं सांगितलं. तात्यारावानं ॲप बघून नव्वदच्या वरचीच बावीस मेंढरं घेतली होती. आठ दिवसांत अकरा मेली. बाकीची उभी राहीनात. एकतीसवाला भुरा मात्र आमच्या दारात खांब धडकून पाडायलाय!

मी एवढी हसले की पोटात दुखलं. अप्पा बाजेवर बसून सुपारी कातरायलता. मिशीत हसला.

"मशीन हाय गं. त्याला काय कळतंय," एवढंच म्हणला.

मला वाटलं आत्ता सांगावं, अप्पा, मशीन न्हाई, तुझ्या पोरीनं केलंय हे! जीभ दाताखाली धरली. काम पुरं होऊ दे.

मेंढरांची हळहळ वाटली का? वाटली. मुक्या जिवांनी काय केलंय? पण ती तशीबी तात्यारावाच्या हाती लागलेली होती.

संध्याकाळी पंचायतीचा माणूस लसीसाठी मोजदाद करायला आला. "किती मेंढरं, धुळाप्पा?" "असतील दोन विसा." शंभराच्या वर हायत! पण अप्पा जन्मात परक्याला खरा आकडा सांगणार न्हाई. त्याच्या आज्यानं सांगितला न्हाई, बापानं सांगितला न्हाई. खरा आकडा भायेर गेला की कळप आटतो, असं त्यांचं. तो माणूस हसून चाळीस लिहून गेला. मग लस कमी पडली, आव्वानं कपाळाला हात लावला. तेवढाच काय तो अप्पाचा खोटेपणा. बाकी माणूस सोन्यासारखा खरा.

६ ऑक्टोबर

विरुपाक्षला सहज विचारलं, आपलं मेंढरांचं काम बाजारात कधी जातंय? म्हणला, अजून गेलंच न्हाई, तज्ज्ञांच्या कच्च्या उत्तरांवरचं जुनंच ॲप चालू हाय, आपलं सगळं तपासून झाल्यावर नवीन सोडणार.

त्याला कुठं माहीत असतंय! थोडं थोडं सोडत असतील. न्हाई तर अकरा मेंढरं काय हवेनं मेली?

२२ ऑक्टोबर, पाडवा

लोक परत अप्पाकडं यायलेत! आज मेंढवाड्याच्या तोंडाशी रांग होती. मेंढरांना रंग लावला, शिंगांना गोंडे बांधले, ओवाळलं. आन् कोण आलं म्हणता? तात्याराव! अत्तर न्हाई, काही न्हाई. दोन मेंढ्या टेंपोत घालून आणलेल्या.

"धुळाप्पा, झालं गेलं सोड. एकदा बघून दे."

मी दारात उभी होते. म्हणले, "मोबाईलला विचारा की काका! त्याला लई कळतंय." आव्वानं माझा दंड असा चिमटला की अजून हिरवा हाय.

अप्पा मात्र उठला. पहिलीचं तोंड हातात धरलं, म्हणला, ठेव. दुसरीचं धरून बराच वेळ बसला. मग म्हणला, "उद्या सांगतो." आन् तात्याराव उद्यापर्यंत थांबला! आमच्या ओट्यावर झोपला! अप्पाच्या तोंडावर जे तेज होतं ते मी लहानपणापासून बघितलं नव्हतं.

एक झाला. श्रीशैल राहिला. कंपनी राहिली. उरलेले तीनशे फोटो पण उलटे करणार. दया-माया न्हाई.

३ नोव्हेंबर, सोमवार

पकडलं.

विरुपाक्षनं दोघींना काचेच्या खोलीत बोलावलं. पडद्यावर बेंगळूरचे मोठे साहेब. तज्ज्ञ सातची चौदाशे बारा उत्तरं, त्यातली सगळीच्या सगळी तुम्ही उलटी कशी केली? एक-दोन चुका आम्ही समजू, सगळी कशी?

सुधारानी रडायलाच लागली, "मंगलनं सांगितलं तसं दाबलं सार्." तिचं काही चुकलं न्हाई. साहेब म्हणले, गावागावातल्या डॉक्टरांच्या नोंदी आत्ता हाती आल्यात, प्रत्येक मेंढराचं पुढं खरं काय झालं ते त्यात हाय, ते लावून बघतो. उद्या कळवतो.

नोकरी जाणार. जाऊ दे. पोलिसात दिलं तर? तरी जाऊ दे. मला पस्तावा न्हाई.

४ नोव्हेंबर

डोकं बधिर झालंय. जसं झालं तसं लिहिते.

सकाळी विरुपाक्ष पेढे घेऊन आला. पेढे! वीस पोरींसमोर मला उभं केलं. ज्यांची नोंद मिळाली त्या सहाशे मेंढरांत माझी पाचशे एक्क्याण्णव उत्तरं बरोबर निघाली. "मंगल धनगराची पोरगी हाय, तिच्या रक्तात हाय," म्हणला. टाळ्या वाजवल्या. माझे मार्क ९९ केले. दहा तारखेला नवीन ॲप सोडणार, माझ्या उत्तरांवर.

आन् तज्ज्ञ क्रमांक सातला यादीतून काढून टाकला. म्हणला, "तो म्हातारा फसवा निघाला. त्याला काहीच येत न्हाई."

उरलेला पेढा मी परत खोक्यात ठेवला.

म्हणजे अप्पाला येत न्हाई? चौदाशेतलं एकबी? मग ते बाजारातलं, वीस वर्षांचं, मांडीवर बसवून दाखवलेलं — ते सगळं काय होतं? नाटक? माझा अप्पा फसवा?

मी उलटं केलं म्हणून खरं झालं. ह्याचा दुसरा अर्थ काय निघतो? मला तर दुसरा दिसत न्हाई.

९ नोव्हेंबर, रविवार

घरी गेले न्हाई. आव्वाला म्हणले, ताप हाय.

१६ नोव्हेंबर, रविवार

गेले. बाजारात अप्पाच्या मागं मागं फिरले, चोरावर नजर ठेवतात तशी. श्रीशैल नवीन ॲप घेऊन आलाच होता, भोवती ही गर्दी. तात्यारावानं सात मेंढरं ओळीत उभी केली. म्हणला, आज दोघांची परीक्षा. आधी धुळाप्पा, मग मोबाईल. मोबाईल चुकला तर दगडावर आपटून फोडतो.

अप्पा हसत पुढं गेला. एकेकाचं तोंड धरलं. बरं. बरं. आजारी. बरं. आजारी. बरं. आजारी.

मग श्रीशैलनं मोबाईल धरला. बरं. बरं. आजारी. बरं. आजारी. बरं. आजारी.

सातीच्या साती! बाजार ओरडला. तात्याराव म्हणला, "लई झ्याक! मग आता धुळाप्पाला कशाला त्रास द्यायचा?" आन् पाठ फिरवून गेला. पाडव्याला ओट्यावर झोपलेला माणूस! त्याच्यामागं बाकीचे गेले.

पण मी अप्पाकडं बघायलते. अप्पानं आयुष्यात पहिल्यांदा तो मोबाईल हातात मागून घेतला. उलटा-सुलटा करून बघितला. तोंडावरचं रक्त उतरलं. तिथंच जमिनीवर बसला.

"ह्याला कुणी शिकवलं?" म्हणला.

श्रीशैलला वाटलं मजा करायलाय. "तुम्हीच की मामा!"

"मी न्हाई," अप्पा म्हणला. "मी असलं शिकवलं न्हाई."

माझं डोकं चालेना. अप्पा बरोबर. मोबाईल बरोबर. मग ते चौदाशे कसे चुकले?

१७ नोव्हेंबर

पहाटे मेंढवाड्यात अप्पाजवळ जाऊन बसले. त्यानंच सांगितलं, मेंढरांकडं बघत. आव्वालाबी माहीत नव्हतं म्हणला.

"श्रीशैलला मी तिन्ही दिवस, बाकीच्या गावांत पण, सगळं उलटं सांगितलं होतं. बऱ्याला आजारी, आजाऱ्याला बरं. परक्याला कुणी खरं सांगतंय का? भुऱ्याला एकतीस दिले तवा टॉवेल तोंडाला लावून हसायलतो मी. हसू आवरेना! तुला सांगितलं न्हाई, तू कंप्युटरवाल्यांच्या कामाला, तुला कामून अडचणीत घालू. पण कुणीतरी बसून एकेक सुलटं केलंय गं. चौदाशे तोंडं! आपलं होतं ते गेलं. एवढं वाचता येणारा कोण असंल तो? तुमच्यातला हाय का? मला एकदा त्याचं तोंड बघायचंय."

अप्पानं वळून माझ्याकडं बघितलं. नाकपुडीच्या कडंला, डोळ्याखाली. बराच वेळ.

"काय बघायलास, अप्पा?"

"काय न्हाई," म्हणला. "उद्या सांगतो."